अक्काचा अजायबखाना

दुबलगुंडीत सगळे तिला अक्काच म्हणत. तिथं मी निजामी अमलात मास्तर होतो, पण तिचं खरं नाव मलाही कधी कळलं नाही. गावातल्या जुन्या दगडी गोठ्यात तिनं घरोघरच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या: मोडका मेणा, गंजकी तलवार, उंच समया. गाव त्याला अजायबखाना म्हणे. एखादी वस्तू दाखवताना ती आधी तिच्यावर फुंकर मारी आणि म्हणे, "ही माझ्या सासूहून थोरली, पर बोलत न्हाई!"

गोठा सरकारी होता. तो धान्य साठवायला घ्यायचा की अक्काकडं ठेवायचा, हे ठरवायला तहसीलदार यायचे होते. नेमकी त्याच सकाळी शेजाऱ्याची म्हैस व्यायला झाली, आणि त्याचं छप्पर तर वाऱ्यानं उडालेलं. अक्कानं मेणा बाजूला सारला, कडबा पसरला आणि म्हैस आत घेतली.

"अक्का, साहेब यायलेत!" मी घाबरून म्हणालो.

"येऊ द्या की, मास्तर. म्हैस काय साहेबाला इचारून व्यायलीय व्हय?"

साहेबांनी मेणा पाहिला, तलवार पाहिली आणि समयांमागच्या रेडकापाशी ते थबकले.

"ये कित्ता पुराना है?" त्यांनी हसू दाबत विचारलं.

"सकाळचंच हाय, साहेब. हात लावून बघा, अजून ओलं हाय."

साहेबांनी खरंच वाकून हात लावला आणि मोठ्यानं हसले. गोठा अक्काकडंच राहू द्या, असा हुकूम त्यांनी जाता जाता दिला. दुसऱ्या दिवशी अक्कानं खरवसाचा डबा भरला आणि मला तहसीलला पिटाळलं.