कोपरा फाडलेलं पत्र

पुण्याला नोकरीत असताना एका खेळाचं वेड लागलं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकून काय होतं ते बघायचं. बदली होऊन पूर्णेला आलो तेव्हा फासे बरोबर आणले. माणसं कुठून आणणार? आई गेल्यापासून घरात मी एकटाच.

यंदा दिवाळीनंतर ठरवलं, पोखर्णीच्या शाळासोबत्याला बोलवायचंच. तयारी तर विचारू नका! सांगणाऱ्याचे कागद दिसू नयेत म्हणून जुन्या लग्नपत्रिका चिकटवून आडोसा केला. राक्षस म्हणून पोळ्याचे मातीचे बैल मांडले. खेळाची सुरुवात म्हणून त्याला राजाचं पत्र लिहिलं, रविवारी दरबारी हजर व्हावे. कागद चहात बुडवून वाळवला, जुना दिसावा म्हणून एक कोपरा फाडला आणि जीपवाल्याच्या हाती दिला. अक्कल गहाण ठेवली होती मी! कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचा सांगावा, हे जुनी माणसं अजून पाळतात, ते डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सोबती मोटारसायकलवर हजर. मी दार उघडलं, तर त्यानं माझे दोन्ही दंड गच्च धरले.

"आरं, तू हायस?"

"का? काय झालं?"

"तुझ्या घरचं म्हणून जीपवाल्यानं दिलेलं पत्र आमच्या दादांच्या हातात पडलं. कोपरा बघितला अन् न वाचताच फाडून टाकलं त्यांनी. तुझ्या घरात तू एकटाच. दुसरं कोण जाणार?"

"मग मला फोन करायचास की!"

"मेलेल्या माणसाला?"

दोघंही लय हसलो. त्यानं चहा घेतला, बैल उचलून बघितले, एकदा फासा टाकला. सतरा पडले. चांगलं का वाईट, एवढं विचारलं आणि उठला. कापूस वेचायला बाया लावल्या होत्या. माझं डोकंच सटकलं.

"मेलो म्हणल्यावर पळत आलास! जिता होतो तर तीन वर्षांत एकदा फिरकला न्हाईस!"

तो खाली मान घालून चपला घालत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू तरी एकदा फोन करून म्हणायचं, ये."

काय म्हणणार होतो? पस्तिशीतला बाप्या मी. एकटं वाटायलंय, खेळायला ये, असं?

"इकडं रेंज नसती," मी म्हणालो.