काठी वीतभर पुढे

बदकसरांना हे नाव त्यांच्या चालण्यावरून पडलं. जमिनीवर ते फताडे पाय टाकत डुलत डुलत येतात आणि कट्ट्याची पायरी चढतानाही दम खातात. तोच माणूस पाण्यात पडला की बघत राहावं. हात पाण्यात शिरताना आवाज म्हणून होत नाही. पोहण्याच्या तलावावर त्यांनी उभा जन्म काढला आणि आसपासच्या निम्म्या लोकांना तरंगतं केलं. त्यात डॉक्टर आले, शिंपी आले, एक अत्यंत भित्रे वकील आले आणि मीही आले. निवृत्तीनंतर मी बायकांच्या बॅचला नाव घातलं, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. सरांनी वयसुद्धा विचारलं नाही. "श्वास घेता येतो ना ताई? मग उतरा," एवढंच म्हणाले.

त्यांची शिकवायची पद्धत एका लांब काठीवर चालायची. पोहणारा पाण्यात, सर काठावर, आणि काठीचं टोक पोहणाऱ्याच्या हातापुढे बरोबर वीतभर. तो पुढे आला की टोक पुढे. आपण शिव्या घालत, पाणी गिळत त्या टोकामागे जायचं आणि काठी हाताला लागायच्या आत पलीकडचा काठ लागायचा. "काठी दिसली पाहिजे, मिळता कामा नये," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. पोटातलं पाणी न हलू देता ते आम्हाला खोल भागात नेऊन सोडायचे.

मग लेकीने वाढदिवसाला फोन दिला.

सोबत पाणी न शिरणारी पारदर्शक पिशवीही दिली. आयुष्यभर गळ्यात शिट्टी असायची, ती खिशात गेली आणि तिच्या जागी फोन लटकू लागला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना दूरच्या कुठल्या नदीत कुणी बुडाल्याची चित्रफीत पाठवली. धंद्याचा माणूस, त्याने ती तीनदा पाहिली. आता हा फोन मोठा चौकस वाढपी आहे. एकदा पानातलं काही संपवलंत की त्याला वाटतं, पाहुण्याला हेच आवडतं. मग तो वाढतच सुटतो. जगात कुठल्या डबक्यात कोण गटांगळ्या खातंय ते शोधून शोधून तो सरांच्या पानात वाढू लागला, आणि सर नको म्हणेनात.

घरी तर आणखी तऱ्हा. दुधात काय मिसळतात, भाजीवर काय फवारतात, गॅसच्या शेगडीने काय होतं, सगळ्याच्या बातम्या जेवायच्या वेळेला. त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, जिभेने तिखट. सकाळी ओट्यापाशी उभं राहून विचारायच्या, "अहो, आज काय खाल्ल्याने मरतात ते आधी सांगा, म्हणजे तेवढं सोडून शिजवते."

जावयाने त्यावर उपाय काढला. रोज सकाळी सासऱ्यांना फुलं पाठवू लागला. उगवता सूर्य, दवाचा थेंब, गुलाब आणि खाली लिहिलेलं, 'सकारात्मक राहा'. मला विचाराल तर हे गुलाबही त्याच वाढप्याच्या हातचे. फक्त तिखटाऐवजी पाक. सरांनी गुलाब मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "या फुलांवर औषध किती मारतात, कल्पना आहे का कुणाला?"

हे सगळं घरात राहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण ते तलावावर आलं. सर पाण्यात उतरेनासे झाले, काठावरूनच शिकवू लागले. मग बॅच सुरू होण्याआधी पोरांना रांगेत उभं करून आदल्या दिवशीचा अपघात सांगू लागले. आणि शेवटी, एके सकाळपासून, काठी हातात देऊ लागले. वीतभर पुढे वगैरे सगळं संपलं. पोराने टोक घट्ट धरायचं आणि सरांनी काठाकाठाने त्याला ओढत न्यायचं, बैलगाडीमागे बांधलेल्या ओंडक्यासारखं. दोन वर्षांत त्यांच्या हाताखालून जी मुलं निघाली, त्यांना काठी उत्कृष्ट धरता येते. पोहता येत नाही, एवढंच.

मी एकदा सरळ विचारलं, "सर, तुमच्या हयातीत या तलावात किती माणसं बुडाली?"

"एकही नाही." अभिमानाने म्हणाले.

"मग ही बातमी कुठल्या चॅनलवर आली?"

"ही काय बातमी आहे का, ताई?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी टॉवेल उचलून चालू लागले.

या सगळ्यात खरी अडकली ती त्यांची नात. तिला सगळे बेडकी म्हणतात आणि ती ओ देते. अकरा वर्षांची, काटकुळी, पाण्यात जन्मल्यासारखी. तिला तलावाच्या संघात जायचं होतं. त्यासाठी निवडीच्या बाईंसमोर उथळ भागातून निघून, मधला दोर ओलांडून, खोल भागाच्या टोकापर्यंत एका दमात जायचं. अडचण एकच. सरांनी होकार दिल्याशिवाय त्यांच्या हाताखालच्या कुठल्याही मुलाने दोर ओलांडायचा नाही, असा तिथला नियम होता. तो सरांनीच घातलेला, डोकं ठिकाणावर असतानाच्या काळात, आणि तो सगळे पाळायचे. दोन वर्षांत त्यांनी कुणालाही होकार दिला नव्हता. नातीला तर नाहीच.

"आजोबा, मला येतं हो," ती म्हणायची.

"त्या सगळ्यांनाही येत होतं," आजोबा म्हणायचे. त्या सगळ्यांना म्हणजे फोनमधल्या.

निवडीचा रविवार उजाडला. वहिनी माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या, मांडीवर नातीचा टॉवेल. निवडीच्या बाई उंच, टोपी घातलेल्या, हातात वेळ मोजायचं घड्याळ. पाच-सहा मुलं पोहून झाली. ती दुसऱ्या सरांकडची होती. मग बेडकीचं नाव पुकारलं आणि आमचे बदकसर काठी घेऊन पुढे झाले.

"ती काठी धरून येईल," त्यांनी जाहीर केलं.

"सर, काठी धरून निवड होत नाही."

"मग ती येणार नाही."

"तुम्ही मला मुलगी दाखवताय की काठी?" बाईंनी विचारलं. मुलं फिदीफिदी हसली. बेडकी पाण्यात उभी राहून मधल्या दोराकडे बघत होती.

वहिनी बाकावरूनच गरजल्या, "अहो, सोडा की तिला! तुमच्यासारख्या बदकाची नात आहे ती, कोंबडीची नाही!"

"तू मधे पडू नकोस. कालच एका ठिकाणी..."

"काल एका ठिकाणी माणसं लग्नंही करत होती!"

बाई वैतागल्या. "बरं. काठी धरून तर काठी धरून. निदान पाय कसे चालतात ते बघते. पण ही निवड धरणार नाही."

तशी वरात निघाली. सर काठावरून फताडी पावलं टाकत, बेडकी मान खाली घालून काठीमागे ओढली जात. उथळ भाग संपला, दोर मागे पडला, खाली फरशीचा रंग गडद झाला. आणि नेमका तेव्हा सरांच्या गळ्यात भोंगा वाजला.

महत्त्वाच्या बातमीसाठी त्यांनी मुद्दाम आगीच्या बंबासारखा आवाज लावून ठेवला होता. सर थबकले. एका हाताने पिशवी उघडेना, म्हणून काठी काखेत धरली. दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडलं, ओल्या बोटांतून फोन सुळकन निसटला, तो पकडायला त्यांनी दोन्ही हात झाडले, आणि काख मोकळी झाली. फोन पाण्यात. काठी पाण्यात. आणि पुढच्या क्षणी, अंगात शर्ट, मनगटावर घड्याळ, खिशात शिट्टी असे बदकसर पाण्यात.

काय सूर मारला म्हणून सांगू! दोन वर्षं कोरड्या असलेल्या माणसाचा वाटूच नये. पाण्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मी आणि वहिनी उभ्या राहिलो. बेडकीच्या हातात काठीचं एक टोक होतं आणि दुसरं टोक कुणाकडेच नव्हतं. दाराची मूठ उपटून हातात यावी तसं तिने त्या काठीकडे पाहिलं. एकदा काठाकडे पाहिलं, तिथे आजोबा नव्हते. मग तिने काठी बाजूला ढकलली आणि निघाली. हात स्वच्छ पडत होते, अगदी तिच्या आजोबांसारखे.

सर वर आले ते आधी हात वर, हातात फोन, मग डोकं. चेहऱ्यावर विजय होता. तो फार तर दोन श्वास टिकला. मग त्यांना तरंगती काठी दिसली.

"बेडके!" अशी किंकाळी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "बेडके! कुठंय ती? अहो, कुठंय?"

"इथेय मी, आजोबा." ती खोल भागाच्या टोकाला शिडीवर बसून पाय हलवत होती. "फोन जिवंत आहे का?"

वहिनींनी टॉवेल बाकावर आपटला. "शाबास! पोरीला सोडून फोनला वाचवलंत. द्या आता ही बातमी!"

सर काठाशी आले. एका हाताने काठ धरला, दुसऱ्या हातात फोन तसाच. मी हात द्यायला वाकले तर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, मी काठी सोडली हो." थोड्या वेळाने पुन्हा तेच. "मीच सोडली."

ज्या भीतीपायी त्यांनी पोरीला दोन वर्षं सोडलं नाही, ती भीती बघायला म्हणून त्यांनी पोरीला सोडलं. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. फोन कायमचा झोपला होता. मी माझ्या फोनवर पाहिलं, एवढा भोंगा कशाचा वाजला ते. विहिरीत पडलेली एक म्हैस सुखरूप बाहेर काढली होती.

आता गोड शेवट हवा असेल तर जावयाचे गुलाब बघा. निवडीच्या बाईंनी बेडकीला जवळ बोलावून सांगितलं, "हात फार छान आहेत तुझे. पाय मात्र झोपलेत. ओढून नेल्यावर पायांना कामच नसतं ना. पुढच्या वर्षी ये." बेडकी टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. सर शेजारी उभे होते, शर्टातून पाणी निथळत होतं, आणि बाईंचा शब्द न् शब्द त्यांनी खाली मान घालून ऐकला. दोष कुणावर ढकलला नाही.

माणूस एका डुबकीत बदलतो यावर माझा विश्वास नाही. आठवड्याभरात नवा फोन आला. पण तो तलावावर आला की तिकिटाच्या खिडकीतल्या खिळ्याला अडकतो. गळ्यात पुन्हा शिट्टी आहे. रात्री अजून दोन-चार बुडणारे ते बघतातच, वहिनी चुगली करतात. पण तलाव बंद करताना मोठ्याने सांगायची नवीन सवय लागली आहे, "आज जेवढे उतरले, तेवढे सगळे घरी गेले!" पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहत म्हणाले, "ही बातमी आहे, ताई. लिहून घ्या."

सकाळी आमच्या बॅचच्या आधी आजोबा-नात येतात. दोर ओलांडायचा होकार आता सगळ्या बॅचला मिळतो, ज्याचा त्याचा दम बघून. आजोबा काठावरून डुलत चालतात, काठी वीतभर पुढे, आणि ओरडतात, "पाय! पाय! पाय झोपले!"

काल मी कपडे बदलून बाहेर आले तेव्हा बेडकी खोल भागात मधोमध थांबून हातवारे करत होती.

"आजोबा, काठी मागे घ्या ना! आड येतेय!"

सरांनी काठीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आणि काठी खांद्यावर टाकून नुसतेच तिच्या बरोबरीने चालू लागले.