चौपेडी वेणी

बाळकुमच्या आमच्या टॉवरमध्ये कल्पिताताई अगदी समोर राहतात. घरीच मुलांचं इंग्रजी घेतात. उजवा हात जन्मापासून लुळा, पण पाठीवर कायम चोपून घातलेली चौपेडी वेणी. ती त्यांची आई घालायची. आई म्हणजे रंभाआजी, टॉवर व्हायच्या आधीपासूनची इथली, जन्मभर मासेमारीची जाळी विणलेली बाई.

ताई इंग्रजी क्रियापदं सुतळीवर शिकवतात. 'ट्विस्ट' म्हटलं की मुलांनी पीळ द्यायचा, 'ब्रेड' म्हटलं की (खायचा नव्हे!) वेणी घालायची, 'वीव्ह' म्हटलं की विणायचं. खिडकीतल्या खुर्चीवर बसून आजीही करायची. इंग्रजीचा गंध नव्हता, पण बोटं चुकायची नाहीत. बोटं फुटून रक्त आलं तरी थांबायची नाही.

मार्गशीर्षात आजी गेली. क्लास पुन्हा सुरू झाला, तेव्हा ताईंच्या पाठीवर चौपेडी वेणी होतीच. आता घरात एकट्या, मग घालतं कोण? मी मुळात आगाऊ, सरळ विचारलं.

"आई," त्या म्हणाल्या. भाजी कुणी आणली ते सांगावं तशा.

आमची सान्वी मात्र खूश. "मम्मी, आजीच्या खुर्चीतली सुतळी आपोआप विणते! कसली भारी!"

मी क्लासला जाऊन बसले. ताई 'ट्विस्ट' म्हणाल्या, रिकाम्या खुर्चीवरच्या सुतळीला पीळ बसला. 'ब्रेड' म्हणाल्या, पेडावर पेड चढला. 'वीव्ह' म्हटल्यावर वीण सरकू लागली आणि तिच्यावर लाल, ओले डाग उमटत गेले. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात सान्वीने पुस्तक पुढे केलं. "ताई, 'अनरॅव्हल' कधी शिकवणार? नेहमी सोडून देता."

"म्हणजे विणलेलं उसवणं," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "तो शब्द मी मोठ्याने म्हटला तर ती जाईल हो."

ताई उठल्या, खुर्चीपाशी बसल्या, डावा हात सुतळीवर ठेवला. एरवी शुद्ध बोलणारी बाई आईच्या बोलीत म्हणाली, "आये, बोटां दुखतान ना गो? बस झाला आता."

आणि त्यांनी तो शब्द म्हटला.

सुतळी सैल पडली. ताईंच्या पाठीवरची वेणी एकेक पेड सुटत गेली, कुणी सावकाश हात काढून घ्यावा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ताई, केस मोकळे, डोळे सुजलेले, डाव्या हातात कंगवा.

"वेणी घालून द्याल? तिपेडी चालेल."