आधी खुशाली, मग काम

डॉ. कुमुद रिसबूड यांची आणि माझी पहिली भेट एका थंड भट्टीशेजारी झाली. म्युनिकजवळच्या गार्चिंगपर्यंत भुयारी रेल्वे तेव्हा आलेली नव्हती. मी ज्या कारखान्यात अभियंता होतो, त्याने ताईंच्या संशोधनसंस्थेला काच वितळवण्याची एक भट्टी पुरवली होती आणि ती ठरलेल्या तापमानापर्यंत चढत नव्हती. तक्रार ताईंची होती, निवारण माझ्याकडे होते. बसमधून उतरून, बुटांवरचा बर्फ झटकून मी थेट भट्टीकडे निघालो, तोच ताईंनी मला अडवले. आडनावावरून मी मराठी आहे, हे त्यांनी ओळखलेच होते.

"अहो खांबेटे, आधी बसा. घरी कोण कोण असतं? इथली थंडी मानवली का त्यांना?"

त्यांच्या जर्मन सहकाऱ्याने घड्याळाकडे पाहत "आल्झो, तर मग भट्टी..." असे सुरू केले. ताई त्याला जर्मनमध्ये म्हणाल्या, "भट्टी दोन महिने थंडच आहे. पाच मिनिटांनी ती आणखी थंड होणार नाही."

त्या पाच मिनिटांत त्यांना माझ्या पत्नीचे नाव आणि सांगलीस असलेल्या वडिलांचा मोतीबिंदू, हे दोन्ही कळले. भट्टीतला दोष किरकोळ निघाला. चार महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा "वडिलांचा डोळा कसा आहे? उजवा ना?" असे त्यांनी विचारले. माणसे सवयीने खुशाली विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत विसरतात. ताई उत्तर जपून ठेवतात, हे मला त्या दिवशी समजले.

ताईंनी यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. त्यांच्या काचविषयक संशोधनावर या गौरवग्रंथात अधिकारी व्यक्ती लिहितीलच. मला त्यांच्या एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे. उगवत्या, बलाढ्य हुकूमशाह्या आपल्याच नागरिकांना चिरडतात, तेव्हा पाश्चात्त्य लोकशाह्यांनी काय करावे, यावर आमच्या या प्रदेशात मोठमोठ्या परिषदा भरतात. त्यांची इतिवृत्ते मी चिकाटीने वाचतो. तथापि या विषयात मला जे काही खरोखर उमगले, ते ताईंच्या त्या प्रश्नामुळे.

ताईंच्या प्रयोगशाळेत एका परदेशी तरुण संशोधकाने दोन वर्षे काम केले होते. त्याच्या देशाचे नाव मी लिहीत नाही, त्याचेही लिहीत नाही. त्याचे कुटुंब तेथेच राहते आणि छापील नावाचा त्यांना जाच होऊ शकतो. ताई या संशोधकाला कौतुकाने 'आमचे काचवाले' म्हणत. मीही तेच म्हणेन. काचवाले मायदेशी परतले, तेथे प्राध्यापक झाले. अटकेत असलेल्या विद्यार्थ्यांना सोडावे, अशा एका पत्रावर त्यांनी सही केली आणि ते स्वतःच तुरुंगात गेले. त्याला आता बारा वर्षे झाली.

त्या देशातील एका विद्यापीठाशी ताईंच्या संस्थेचा सहकार्याचा करार होता आणि आमच्या बाजूने त्याची सूत्रे ताईंकडे होती. संस्थेत तत्काळ दोन तट पडले. करार मोडून टाका, असे एकांचे म्हणणे. विज्ञानाने राजकारणात पडू नये, असे दुसऱ्यांचे. ताईंनी दोघांनाही नाराज केले. पहिल्यांना त्या म्हणाल्या, "दार लावून घेतलं, तर विचारायचं कोणाला?" दुसऱ्यांना म्हणाल्या, "आणि दार उघडं ठेवून तोंड बंद ठेवायचं असेल, तर दार कशाला हवं?" करार राहिला. मात्र पाळतीच्या उपकरणांना उपयोगी पडेल असा एक प्रकल्प ताईंनी त्यातून काढून टाकला. त्यावर चर्चासुद्धा होऊ दिली नाही.

दर शरद ऋतूत त्या देशाचे शिष्टमंडळ गार्चिंगला येई. सारे स्थानापन्न झाले, कॉफी आली, की ताई मंडळाच्या प्रमुखांकडे वळून काचवाल्यांचे पूर्ण नाव घेत आणि विचारत, "ते कसे आहेत?" आवाजात राग नसे, उपहासही नसे. वडिलांच्या डोळ्याची चौकशी त्यांनी ज्या स्वरात केली होती, त्याच स्वरात. प्रमुख म्हणत, "चौकशी करतो." ताई "आभारी आहे," म्हणत आणि मगच विषयपत्रिका उघडत.

एका वर्षी प्रमुखांनी उलट वार केला. "बाई, तुमच्या देशात आश्रयाला आलेल्या माणसांना कुंपणाआड कसे ठेवतात, ते आम्हीही वाचतो." आमच्याकडची मंडळी गडबडली. ताईंनी ते टिपून घेतले, जवळच्या निर्वासित-निवासात स्वतः दोनदा जाऊन आल्या आणि पंधरा दिवसांत प्रमुखांना दोन पानी उत्तर धाडले. तेथे जे वाईट दिसले, ते वाईट म्हणूनच लिहिले होते. शेवटी एकच ओळ होती: आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, माझ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत आहे. ज्याने स्वतः उत्तर देण्याची तयारी ठेवली, त्यानेच दुसऱ्याला विचारावे, हा दंडक मोठ्या राष्ट्रांनी ताईंकडून शिकण्यासारखा आहे.

आता मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती टाळली, तर हा लेख खोटा होईल.

माझी पत्नी नीला एकदा सहा आठवडे रुग्णालयात होती. ताई दर गुरुवारी मेतकूट-भाताचा डबा घेऊन येत. तेथील परिचारिका तिला खोलीच्या क्रमांकाने ओळखत. ताईंनी त्या सर्वांना तिचे नाव शिकवले. "नीला. दीर्घ नी. गेनाऊ, अगदी बरोबर! आता पुन्हा म्हणा." तिसऱ्या आठवड्यात त्या मजल्यावर कोणी क्रमांक उच्चारीत नव्हते. नीला बरी होऊन घरी आली. इतके ऋण डोक्यावर असताना, पुढच्याच वर्षी मी ताईंना गप्प बसायला सांगितले.

झाले असे, की त्या देशात यंत्रे पुरवण्याचे मोठे काम आमच्या कारखान्याला मिळण्याच्या बेतात होते. माझी दोन वर्षे त्यात गेली होती. शिष्टमंडळाच्या प्रमुखांचा शब्द त्या निर्णयात वजनदार होता आणि त्या वर्षीचे स्वागतभोजन संस्था व कारखाना मिळून देणार होते. मी आदल्या दिवशी ताईंच्या घरी गेलो.

"ताई, उद्या एक दिवस तो प्रश्न नको."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या हाताखालच्या माणसांच्या नोकऱ्या आहेत का यात?"

"आहेत."

"मग गप्प बसते. पण खांबेटे, मला हे आवडलेलं नाही. तुम्हालाही आवडलेलं नाही, म्हणून तर चहा न पिता बोलताय."

ताईंनी शब्द पाळला. भोजन उत्तम झाले. निघताना मी कोट घेत असता मंडळातील सर्वांत वृद्ध सदस्य माझ्याजवळ येऊन उभे राहिले. तरुणपणी ते जर्मनीत शिकले होते. हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "आज बाईंची प्रकृती बरी नाही का?"

"का बरे? उत्तम आहे."

"त्यांनी आज विचारले नाही." मग कोटाची गुंडी लावता लावता ते म्हणाले, "आम्हाला येथे काय काय विचारले गेले, ते परत गेल्यावर लिहून द्यावे लागते. ते वाचून कोणा अधिकाऱ्याला तुरुंगाकडे विचारणा करावी लागते, की हा मनुष्य कोठे आहे, कसा आहे. वर्षातून एकदा त्याची फाइल उघडते, ती बाईंमुळे. ज्याची फाइल उघडत नाही, त्याचे काय होते, ते मी तुम्हाला सांगू नये." इतके बोलून ते निघून गेले.

सकाळी उजाडताच मी ताईंना दूरध्वनी केला. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "त्यांचं विमान दुपारी आहे. हॉटेलवर नाश्त्याला गाठू. आणि आता मी नाही विचारणार. मी गप्प बसले ती तुमच्या शब्दाखातर. शब्द तुम्हीच फिरवा."

म्युनिकपर्यंत भुयारी रेल्वेत आम्ही शेजारी बसलो होतो. मी त्या परकीय नावाचा उच्चार ताईंकडून तीनदा घोटून घेतला. हॉटेलात प्रमुख पावाला जॅम लावत होते. मी उभ्याउभ्याच काचवाल्यांचे पूर्ण नाव घेतले आणि विचारले, "ते कसे आहेत?"

प्रमुखांनी सुरी खाली ठेवली. "बाईंची सवय आता तुम्हालाही लागली?"

"काल विचारायचे राहून गेले," मी म्हणालो.

"चौकशी करतो," ते म्हणाले. पलीकडच्या टेबलावर त्या वृद्ध गृहस्थांनी मान वर केली नाही. खिशातून लेखणी काढली आणि कागदी रुमालावर काहीतरी लिहिले.

ते काम आमच्या कारखान्याला मिळाले नाही. कारण कोणी कळवले नाही. माझ्या विभागातील काही माणसे दुसरीकडे हलवली गेली आणि कार्ल व युर्गेन या दोघांना घरी बसावे लागले. मी पराभूत मनाने ताईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझे सांत्वन केले नाही. त्या दोघांची पूर्ण नावे आणि पत्ते विचारून घेतले. कार्लला त्यांच्या ओळखीने डार्मश्टाटला काम लाभले. युर्गेनला लाभले नाही. आजही ताई भेटल्या, की "युर्गेन काय म्हणतो?" असे विचारतात आणि मला ठाऊक नसेल, तर रागावतात. "अहो, किंमत त्याने दिली ना? मग त्याला कसं विसरता?" आपली सरकारे येथेच चुकतात, असे मला वाटते. एका वर्षी ती तारस्वरात निषेध करतात आणि दुसऱ्या वर्षी व्यापारासाठी कुजबुजतात. तत्त्वाची किंमत मात्र एखाद्या युर्गेनने एकट्याने द्यावी, अशी सोय ठेवतात. ताईंच्या मार्गात आरडाओरडा नाही आणि सूटही नाही. न चुकता विचारावे आणि त्यापायी जो भरडला जाईल, त्यालाही विचारावे.

हा मार्ग यशस्वी होतो का, असे आमच्या इथल्या मराठी मंडळातील तरुण मला विचारतात. प्रामाणिक उत्तर असे, की काचवाले अद्याप तुरुंगातच आहेत. निवृत्त झाल्यावरही ताई प्रत्येक शिष्टमंडळाला भेटल्या. साथीच्या काळात त्यांनी संगणकाच्या पडद्यावरून विचारले. त्यांची जागा घेणारे जर्मन प्राध्यापक प्रारंभी संकोचत. आता तेही नाव घेतल्यावाचून कागद उघडत नाहीत.

गेल्या शरदात ताईंनी मलाही बरोबर नेले. प्रमुख नवे होते, वयाने लहान. कॉफी आली. ताईंनी त्यांच्याकडे तोंड वळवले, पण त्या बोलण्यापूर्वीच ते म्हणाले, "ते बरे आहेत. त्यांना नवा चष्मा मिळाला आहे. आणि बाई, त्यांनी तुमची खुशाली विचारली आहे."

ताईंनी पेला उचलला, न पिताच ठेवला. "माझा गुडघा दुखतो, असं सांगा त्यांना," त्या अखेर म्हणाल्या. "बाकी ठीक आहे. हं, आता कामाचं बोलू."

अशा ग्रंथात शंभर वर्षांच्या आयुष्याची कामना करण्याचा प्रघात आहे. ताई, मी आकडा घालत नाही. एके दिवशी काचवाले गार्चिंगच्या त्या टेबलापाशी आपल्यासमोर बसतील, आपण त्यांनाच "कसे आहात?" असे विचाराल आणि उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकाल, त्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरच्या पुष्कळ निवांत दिवसांपर्यंत आपली प्रकृती निरामय राहो. तोवर एकही शरद आम्ही रिकामा जाऊ देणार नाही. युर्गेनला मी मागच्या रविवारी भेटलो. तो आता नातवाला पोहायला शिकवतो.

आपल्या शिस्तीप्रमाणे जे मी पहिल्या ओळीत विचारायला हवे होते, ते येथे विचारतो: ताई, गुडघा कसा आहे?