खडीवर चालणारी सायकल

माझी मैत्रीण पडली तेव्हा कंपनीने सगळ्यात आधी काय केलं, तर गेटवर नोटीस लावली. यापुढे कोणीही सायकलने कामावर येऊ नये. कारण दिलं होतं कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं.

ती आणि मी चाकणच्या एकाच कारखान्यात, तपासणी विभागात. राहायलाही दोघी थेरगावातच. आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही सायकलने कामावर जायचो. त्या सकाळी हायवेवर मी तिच्या मागेच होते. एक ट्रेलर ओव्हरटेक करत आला आणि त्याने तिला डांबरावरून खाली उतरायला लावलं. धक्का लागला नाही, नुसती जागाच ठेवली नाही. डांबराच्या कडेला सुटी खडी होती. तिच्या सायकलचे टायर अंगठ्याएवढे बारीक. चाक सरकलं आणि ती कमरेवर आपटली. ट्रेलर निघून गेला. माणसं जमली, त्यातल्या एकाने विचारलं, "शिकलेल्या दिसता ताई, मग सायकलवर कशाला?"

तिने पडल्या पडल्या त्याला सांगितलं, "आधी रिक्षा बोलवा."

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. आणि ती हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत ती नोटीस लागली.

माझं डोकं इतकं फिरलं की त्याच दिवशी ठरवलं, मी सायकलनेच येणार. फक्त हायवेने नाही. तळवड्याहून नदीवरचा पूल ओलांडून निघोजेमार्गे येणार. तो रस्ता पाइपलाइनसाठी कधीचा खणून ठेवलाय. थोडं डांबर, मग खडी, परत डांबर, मग मुरूम. माझ्या जुन्या सायकलचे टायरही बारीकच. म्हणजे दोन्हींवर चालेल अशी नवी सायकल हवी, आणि ती परवडायलाही हवी.

मैत्रिणीकडे गेले. सायकलमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पलंगावर उशांना टेकून तिने मला बजावलं, "पुढच्या शॉकअपला भुलू नकोस. स्वस्त सायकलचा शॉकअप म्हणजे नुसतं लोखंड, चढावर तेच वाहत बसशील. पुढचं चाक धरणारा साधा, कडक चिमटा घे. टायर रुंद बसला पाहिजे आणि त्याच्या बाजूने बोट जाईल एवढी जागा उरली पाहिजे, नाहीतर चिखलात चाक अडकेल. डिस्क ब्रेक घे. आणि चढाला हलका गिअर."

"रंग?"

"रंग गेला खड्ड्यात."

रविवारी नवऱ्याला घेऊन पिंपळे सौदागरमधल्या एका चकचकीत दुकानात गेले. तिथला सेल्समन सरळ नवऱ्याकडे वळला. "सर, मॅडमसाठी बघताय का? ही बघा, हिला पुढे बास्केट येते."

मी म्हटलं, "मला रुंद टायरची हवीय. खडीवरून जायचंय, रोज."

त्याने माझं ऐकलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडम ट्रेकिंग वगैरे करतात का?"

नवरा हसला. मी दुकानातून बाहेर पडले. तो मागून आला तेव्हा मी पार्किंगमध्येच त्याला धरलं.

"तू हसलास कशाला?"

"अगं, तो काहीतरीच बोलला म्हणून."

"मग ते त्याला सांगायचंस. माझ्यासमोर त्याच्याबरोबर हसायचं नाही."

तो म्हणाला, "पुढच्या दुकानात मी बाहेर थांबतो."

"बाहेर थांबू नकोस. आत ये, आणि कोणी तुला विचारलं की सांग, तिला विचारा."

डांगे चौकाजवळच्या दुसऱ्या दुकानात त्याने तेच केलं. तिथला मालक बोलका होता. त्याने शॉकअपवाल्याच सायकली पुढे केल्या. मी नको म्हणत गेले. शेवटी त्याने मागून एक राखाडी सायकल ओढत आणली. स्टीलची, साध्या चिमट्याची, डिस्क ब्रेकची. "ही पडून आहे मॅडम. शॉकअप नाही म्हणून कोणी घेत नाही. स्वस्तात लावून देतो."

"हिला रुंद टायर बसतील?"

"कुठलाही बसतो."

"मग बसवा. बसलेला बघते, मग पैसे देते."

"बसतो म्हटलं ना मॅडम."

"बसवा."

त्याने बसवला. मागच्या चाकाजवळ माझं बोट गेलं नाही. तो म्हणाला, "एवढं चालतं."

तेव्हा माझा आवाज चढला. "माझी मैत्रीण खडीवर पडून खुबा मोडून बसलीय. एवढं म्हणजे किती, ते मला सांगा."

मालकाने टायर काढला, एक माप लहान बसवला. बोट गेलं. मी म्हटलं, आता चालवून बघते.

"चालवायला देत नाही आम्ही. सर, तुम्ही तरी सांगा मॅडमना."

"तिला विचारा," नवरा म्हणाला.

"मग घेत नाही," मी म्हटलं.

त्याने दिली. दुकानामागची गल्ली खणलेली होती, खडी पसरलेली. मी मुद्दाम त्यातून नेली, मध्येच ब्रेक मारला. चाक सरकलं नाही. जड होती, दिसायला अगदीच सामान्य होती. मी ती घेतली.

सोमवारी निघोजेमार्गे गेले. मुरुमावर हात भरून आले, पण वाटेत एकही गाडी अंगावर आली नाही. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. मग सेफ्टीचे साहेब आले. "मॅडम, हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

"हायवेवरून आपला माल नेणारे ट्रेलर जातात. त्यांना कुठली नोटीस लावली?"

"ते ट्रान्सपोर्टवाले. ते आपल्या हातात नाहीत."

"आणि मी आहे."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, सायकल आत येणार नाही.

मी ती परत फिरवली. गेटसमोरच गावातल्या एका घराचं मोकळं अंगण आहे. तिथे एक म्हातारी धान्य निवडत बसली होती. विचारलं, आजी, संध्याकाळपर्यंत इथे ठेवू का?

"लाव की हितं. सायकलच हाय, खाती का काय?"

आता त्या अंगणात माझ्या सायकलशेजारी आणखीही सायकली असतात. कँटीनच्या बायका आसपासच्या वस्त्यांवरून सायकलनेच यायच्या. नोटीस लागल्यापासून बिचाऱ्या पायी येत होत्या. त्यांचं कोणी ऐकलंही नव्हतं, आणि खरं तर विचारलंही नव्हतं. साहेब येता-जाता तिकडे बघतात. नोटीस मात्र काढत नाहीत.

मैत्रीण काठी घेऊन पुन्हा कामावर येऊ लागली, कंपनीच्या बसने. परत सायकलवर बसणार नाही म्हणते. मी आग्रह करत नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेब तिच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "आता बसने येता ना, छान. सेफ."

तिने हातातला घास खाली ठेवला. "मला सायकल आवडायची, साहेब," एवढंच म्हणाली.

ते गेले. मला त्यांच्या मागे जाऊन भांडायचं होतं. तिने माझा हात धरून ठेवला, आणि आम्ही जेवण संपवलं.