चाकाची बोट आणि पद्मनाभराव

पद्मनाभराव बापटांनी जन्मभर रेल्वेत नोकरी केली, त्यातली ऐन उमेदीची वर्षं मात्र रुळांवर नाही, पाण्यावर! पाटण्याला पूल नव्हता तेव्हा आगगाडीच्याच तिकिटावर लोक रेल्वेच्या बोटीने गंगा ओलांडायचे. वाफेची बोट, दोन्ही कुशींना माणसाहून उंच चाकं, आणि इंजिनावर आमचे हे साहेब. पुढे पूल झाला, बोटी भंगारात निघाल्या. पद्मनाभराव निवृत्त होऊन पुण्याला आले ते बोटींच्या गोष्टी घेऊनच.

बायको गेल्यावर त्यांच्या लेकीने, सुरेखाने, त्यांना सिंगापूरला आणलं. ती चांगी बिझनेस पार्कात बँकेत, घरी यायची ती पार दमून. नात इशिता इंग्रजीतच बोलणार. गोष्टी ऐकायच्या कुणी? शेवटी २००६ साली एकदा ते फणकाऱ्याने म्हणाले, "मी आपला पुण्याला जातो, कायमचा." सुरेखा "बरं" म्हणाली आणि तिकीट काढून मोकळी झाली. घ्या!

जाण्याआधी तिने बाबांना आणि इशिताला हौसेने चाकाच्या बोटीवर जेवायला नेलं. मागे भलंमोठं लाल चाक फिरत होतं. म्हातारा असा खुलला म्हणता! तेवढ्यात किनाऱ्यावर आतषबाजी सुरू झाली आणि सगळी गर्दी एका कठड्याकडे धावली. पद्मनाभराव ताडकन उठले आणि हिंदीत गरजले, "बीच में आओ! सब बीच में!"

लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. "बाबा, बसा हो," सुरेखा अगदी कानकोंडी झाली. बोट तर तसूभरही कलली नव्हती, ते चाक नुसतं शोभेचं होतं. बिचारे मटकन खाली बसले.

"व्हाय मिडल, आजोबा?" इशिताने विचारलं.

"अगं, पलीकडचा गंगेचा घाट आला की तिथे उभ्या गाडीत जागा धरायला सगळे एकाच बाजूला पळायचे. त्या बाजूचं चाक खोल बुडायचं, दुसरं हवेतच फिरायचं, आणि बोट भलतीकडे वळायची. मग मी खालून वर धावत यायचो ओरडत."

"देन वी सिट हियर लाह," असं सिंगापुरी ढंगात म्हणत ती आतषबाजी सोडून रिकाम्या बाजूला, त्यांना चिकटून बसली.

पद्मनाभरावांचा सगळा ताठा तिथेच गळाला. "सुरेखा, मला नाही गं जायचं."

"मग जातो म्हणालात कशाला? मला वाटलं, तुम्हाला आमच्याकडे करमत नाही."

"तू 'राहा' म्हणशील म्हणून म्हणालो," ते म्हणाले. "तू तिकीटच काढलंस."