हार्करच्या पेटीतला मध

"तुझ्या मधात साखर आहे, एमॉस! माश्यांना पाक पाजतोस आणि लोकांना मध म्हणून खपवतोस!"

"जीभ झडेल तुझी, हार्कर!"

प्रदर्शनाच्या तंबूमागे उभ्या असलेल्या लहानग्या एनिडनं हे ऐकलं आणि तिच्या हातातला केक गवतात पडला. एमॉस म्हणजे तिचा बाप. त्या दिवसानंतर त्यानं थॉर्नबेक गावच्या मधाच्या प्रदर्शनात एकही बरणी मांडली नाही. माश्या पाळल्या, मध काढला, पण गावात मान वर करून काही चालला नाही.

एनिड म्हातारी झाली. राग मात्र तसाच तरणाताठा. ऑगस्टात ती माश्यांच्या पेट्या माळावर न्यायची, हेदरच्या झुडपांच्या जांभळ्या फुलोऱ्यात; त्याचा मध किंचित कडवट. सप्टेंबरात खाली आणायची. आधी पेटीचा मधाचा वरचा मजला उतरवायचा, मगच माश्यांपुढे हिवाळ्यासाठी साखरेचा पाक ठेवायचा. हा क्रम चुकला की माश्या तो पाक वरच्या मजल्यात नेऊन भरतात, आणि मध गेलाच म्हणून समजा. बाप हे कधी चुकला नव्हता, तीही चुकली नाही. तरी दरवर्षी पहिला नंबर हार्करचा, दुसरा हिचा.

"दुसरा नंबरही वाईट नसतो, पोरी," हार्कर टोपी उचलून म्हणायचा.

एकदा तिनं त्याला गाठलंच. "माझ्या बापाला बोललात, ते शब्द मागे घ्या."

"कुठले शब्द?" म्हाताऱ्यानं विचारलं.

विसरला होता मेला! एका माणसाचं आयुष्य नासवून खुशाल विसरला होता.

यंदा प्रदर्शन तोंडावर आलं आणि हार्कर वारला. "माफी न मागताच सुटला!" म्हणत एनिडनं किटली अशी आपटली की झाकण लांब उडालं. तेवढ्यात त्याची लेक म्युरिएल दारात. मालक गेला की माश्यांना सांगावं लागतं, नाहीतर त्या पेटी सोडून जातात, अशी गावची समजूत. म्युरिएल माश्यांना भ्यायची.

"एनिड मावशी, तुम्ही सांगाल?"

माश्यांचा काय दोष? एनिड गेली. रीतीप्रमाणे हार्करच्या घराच्या किल्लीनं तिनं पेटीवर टकटक केलं. "तुमचा म्हातारा गेला. गुमान राहा." आलीच आहे तर माश्यांचा हिवाळ्याचा शिधा बघू, म्हणून झाकण उचललं, आणि ती बघतच राहिली. वर पाकाचा डबा, आणि त्याखाली मधाचा मजला तसाच, काठोकाठ भरलेला! तिनं बोट बुडवून चाटलं. गोडच गोड. हेदरचा कडवटपणा नावालाही नाही.

म्युरिएल लांबूनच म्हणाली, "त्यातली एक बरणी बाबांच्या नावानं मांडायची आहे. शेवटची."

'मांड की!' एनिडच्या अगदी ओठावर आलं होतं. भरल्या तंबूत चमचा चाटायचा आणि ओरडायचं, बस्स. पण तोंडातून निघालं, "हात लावायचा नाही. हा माश्यांचा शिधा."

"पण बाबांची आठवण, निदान..."

"निदान? तुझ्या बापानं माझ्या बापाला भर गावात भेसळखोर ठरवलं! आणि हे काय आहे? ये, चाटून बघ!"

म्युरिएल भीत भीत आली. चाटलं. तिचे कान लाल झाले. "मग सांगा सगळ्यांना," ती हळूच म्हणाली.

"आता कुणाशी भांडू? थडग्याशी? जिवंत असता तर तंबूत उभा करून चाटवला असता!" एनिडनं झाकण दाणकन लावलं.

प्रदर्शनात एनिडचा पहिला नंबर आला. चहावाली बाई कप पुढे करत म्हणाली, "यंदा हार्कर नव्हता ना, म्हणून हो."

एनिडनं दातओठ खाल्ले. म्युरिएल काही बोलायला पुढे सरकली, तशी एनिडनं डोळे वटारले. "चहा पी मुकाट्यानं."

चहा न पिताच ती स्वतः उठली. थंडी सुरू झाली की उंदीर पेटीत शिरतात. घरच्या पेट्यांच्या दारांना तिनं माशीपुरत्या भोकांची पत्रापट्टी ठोकली, तशीच मग हार्करच्या पेट्यांनाही. एक खिळा वाकला. तिनं एक शिवी हासडली, तो उपटला आणि दुसरा ठोकला.